आकडा

पोवार साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
भट्टीमाळात शिरायचं नाही.
कोपऱ्यावरच्या टपरीवर अर्धा चहा घ्यायचा,
मोबाइलमध्ये एकशे चाळीस घरांपुढं शेरा टाकायचा,
दार बंद,
आणि रिक्षा धरायची.

आज टपरी बंद होती.
म्हणून ओढ्यावरचा पूल ओलांडला,
पर्स पोटाशी धरून.

पहिलं दार उघडं.
दुसरंही.
तिसऱ्याला दारच नव्हतं, गोणपाट होतं,
आणि त्याआड मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता
चार हजार दोनशे सतरावर.

यल्लव्वा पाट्याला टाकी लावत होती.
छिन्नी थांबवून काहीतरी बोलली,
तेलगू म्हणावं तर कानडीकडं झुकलेलं,
कानडी म्हणावं तर शेवटी 'की ओ' लागलेलं.
समोरच्या रसूलबीनं उलगडून सांगितलं,
"पाणी पिणार, का नुसतंच लिहिणार, म्हणतीया."

प्याले.

पुढं ईश्वरी लखवानीच्या खाटेवर पापड.
सासूचं शिकारपूर तिनं पाहिलेलं नाही,
मिरी किती घालायची, एवढंच तिकडून आलंय.
कैकाड्यांच्या अंगणात भिजत घातलेल्या निरगुडीच्या फोका,
त्यावरून उड्या मारत जाणारी, तीन भाषांत शिव्या येणारी पोरं.
शांतवन मास्तर पेटीचा भाता फाडून बसलेले,
"काळी चार दगा देतीया," म्हणाले,
जसं काही मी पेटीचाच आकडा घ्यायला आले होते.
त्यांचा धाकटा मोहरमात पंजापुढं ढोल वाजवतो,
नाताळात जिलेबी दस्तगीरकडची.

दस्तगीर म्हणजे तोच, गालावर व्रण असलेला.
आमच्या पेठेत त्या व्रणाची तलवार झालेली आहे.
तो म्हणाला, काकवी. कागलकडच्या गुऱ्हाळात,
काहिलीवर वाकलो होतो, वय वर्षं अकरा.
आणि मीटर दाखवायला पुढं झाला,
वरच्या फळीला माझं डोकं लागू नये म्हणून
हात आडवा धरून.

"भट्टी कुठं होती ओ इथली?"
मी विचारलंच.
कट्ट्यावरचा म्हातारा हसला.
"चुन्याची होती, बाई.
तुमच्या पेठेतल्या भिंती त्याच चुन्याच्या."
मग जरा थांबून,
"दारूची पण होती एक, मागनं.
खोटं कशाला बोला."

शेवटच्या खांबावर आकडा होता.
मटक्याचा नव्हे, तारेचा.
वाकवलेली सळई, तिथून थेट एका पत्र्यात शिरलेली वायर.
मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं एका बाईनं पाहिलं.
ती आत गेली. वाटलं, आता भांडण.
ती दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली बिलं घेऊन आली.

अकरा बिलं.
दर महिन्याला तोच आकडा, सरासरी.
घरात एक दिवा, एक पंखा, पंखाही बंद पडलेला.
"कुणी बघायला येतच न्हाई," ती म्हणाली,
"आन् तोडायला मातर बरोबर आले."

शेवटच्या तीन बिलांवर
रीडरचा कोड छापलेला होता.
शून्य चार सात.
माझा.

ती काही वाचत नव्हती, बिलं उलटीच धरली होती तिनं.
मी सांगू शकले असते.
गळ्यात ओळखपत्र होतं, ते मी पालथं केलं.

मग मोबाइल काढला.
शेऱ्याच्या चौकोनावर बोट ठेवलं, यादी उघडली.
मीटर नादुरुस्त.
मीटर सापडत नाही.
वीजचोरी.
दार बंद.
वर-खाली दोनदा सरकवली,
उन्हात काच नीट दिसत नव्हती म्हणून
पदराची सावली करून पुन्हा.

दार उघडं,
असा पर्यायच नाही त्यात.

मागून रसूलबीची हाक,
"बाई, तांब्या तिथंच ऱ्हायला की ओ तुमच्या हातात."